शरणप्पा काकांचं ‘येतो’

आमच्या समोरच्या शरणप्पा काकांना मोबाईल नुसता बाजूला ठेवता येत नाही. आधी रीतसर निरोप घ्यावा लागतो. गल्लीच्या ग्रुपवर सकाळचे नमस्कार-चमत्कार झाले की ते शेवटी ‘येतो’ असं लिहितात, चष्मा काढतात आणि मगच फोन कोनाड्यात ठेवतात.

पहिल्यांदा त्यांनी ‘येतो’ लिहिलं तेव्हा गल्लीत धांदल उडाली होती. वैशालीनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, चहाचं आधण वाढवलं. शेजारच्या माळी वहिनींनी दारातली पापडांची खाट उचलून आत नेली. मी बनियनवर शर्ट चढवला. बराच वेळ झाला तरी काका येईनात, म्हणून आम्ही सगळे आपापल्या दारात येऊन उभे राहिलो. काका समोर गॅलरीत निवांत बसले होते.

“काय हो, लाईट गेली का?” त्यांनीच विचारलं.

“तुम्ही येतो म्हणालात ना?”

“आता निघालो म्हणून येतो म्हणलो. माणसं बोलत बसलेली असताना न सांगता उठून जावं का? आन् जातो तर म्हणू न्हाय.”

सोलापूरच्या नवी पेठेत कापडाच्या दुकानात जन्म गेलेला माणूस. गिऱ्हाईक काही न घेता उठलं तरी ‘या परत’ म्हणायची सवय. दुकान भाच्याच्या हाती सोपवून काका घरी बसले आणि एके दिवशी नवा कोरा फोन घेऊन माझ्या दारात आले. मी शाळेत मराठी शिकवतो, एवढ्या भांडवलावर त्यांनी मला मोबाईलचा गुरू करून टाकलं.

“शिकवा, गुरुजी. शिकायला काय वय लागतंय?”

हे त्यांचं ब्रीदवाक्य. ते ऐकवून त्यांनी माझे कितीतरी रविवार खाल्ले. पण विद्यार्थी अस्सल. फोटो मोठा कसा करायचा हे मी शिकवायच्या आधीच त्यांना आलं होतं. झालं असं की ग्रुपवर कुणाच्या तरी लग्नाचा फोटो आला. नवरीचा शालू बघून काकांना राहवेना. कापडाचा पोत बघतात तसा त्यांनी अंगठा आणि बोट काचेवर फिरवलं आणि शालू एकदम हातभर झाला. त्यानंतर ते प्रत्येक फोटोचा पोत बघू लागले. माझ्या वाढदिवसाच्या फोटोखाली त्यांनी लिहिलं, ‘शर्टात पॉलिस्टर हाय. फसवलंय तुम्हाला. शंभर वर्षे जगा.’

हसत हसत मी शिकवत होतो, पण हा सगळा खटाटोप कशासाठी चाललाय ते मला माहीत होतं. गल्लीत सगळ्यांनाच होतं. काकांची एकुलती एक लेक उमा. तिनं आपल्या पसंतीनं एका तेलुगू विणकरांच्या घरातल्या मुलाशी लग्न केलं आणि दोघं हैदराबादला गेली. काका तेव्हा दारात उभे राहून नको ते बोलले होते. काकू होत्या तोवर त्या चोरून फोन करायच्या. त्या गेल्या आणि तो धागाही तुटला. काकांसमोर उमाचं नाव कुणी काढत नव्हतं.

मग कुणीतरी सांगितलं की उमा मोबाईलवर स्वयंपाक शिकवते. दर रविवारी दुपारी, थेट, हैदराबादच्या बायकांना तेलुगूतून सोलापुरी पदार्थ. काका फोन घेऊन माझ्याकडं आले ते त्याच आठवड्यात. खातं उघडताना मी नाव विचारलं.

“नाव नको. गाव लिवा.”

म्हणून त्यांचं नाव नुसतं ‘सोलापूर’ पडलं.

दर रविवारी उमा चटण्या-भाकऱ्या करायची आणि समोर हा एकटा म्हातारा वही नसलेल्या विद्यार्थ्यासारखा ताठ बसून बघायचा. बघून बघून ते स्वतः कडक भाकरी करायला लागले. पहिल्या भाकरीचा तुकडा मोडताना माझी दाढ मोडायची वेळ आली. “पातळ झाली न्हाय,” ते म्हणाले, “आमची उ...” आणि थांबले. “ती बाई लई पातळ करतीय.”

तेलुगू मात्र त्यांना दुकानापुरतंच यायचं. भाव, रंग, घ्या, नको. त्यामुळं एका रविवारी ते चिडूनच आमच्याकडं आले.

“गुरुजी, ती सारखं ‘मा नान्ना, मा नान्ना’ म्हणायलीय. कोण हो हा नाना? सासरा असंल. त्याला काय आवडतंय तेच चाललंय सारखं, हातवाऱ्यावरनं कळतंय की. नानाला चटणी जाडीभरडी लागते, नानाला भाकरी करपलेली चालत न्हाय. लई लाडका दिसतोय नाना!”

पलीकडच्या गल्लीत नरसूबाई राहतात, तेलुगू. विड्या वळत उंबऱ्यात बसलेल्या असतात. काकांनी त्यांना गाठून विचारलं. नरसूबाई विडीचं पान बाजूला ठेवून हसायलाच लागल्या. “अवो, नाना न्हवं. नान्ना म्हंजी बाप. मा नान्ना, माझा बाप!”

काका तिथंच पायरीवर बसले, असं नरसूबाई सांगतात. मग त्यांनी विचारलं, “तेलुगू शिकवता का? शिकायला काय वय लागतंय?”

तेव्हापासून रोज संध्याकाळी उंबऱ्यात शिकवणी सुरू झाली. विड्या वळल्या जात होत्या आणि सत्तरी ओलांडलेला माणूस ‘नान्ना, अम्मा, बिड्डा’ घोकत होता. बिड्डा म्हणजे लेकरू, हे त्यांनी मला तीनतीनदा सांगितलं.

“मग तिला एक ओळ लिहा की, काका,” मी एकदा म्हणालो.

“काय लिवू?” ते गॅलरीचा कठडा पुसत राहिले. “आमच्या कानडीत निघताना ‘होगि बर्तीनि’ म्हणतात. जाऊन येतो. त्या दिवशी मी तिला म्हणलेलो, गेलीस तर परत येऊ नको. मग ती तरी कशी म्हणंल येते? ‘होगतीनि’ म्हणाली. जाते. एवढंच.”

मला तेव्हा कळलं की हा माणूस जिथं तिथं ‘येतो’ का लिहीत सुटतो. आणि उमाचा कार्यक्रम संपत आला की तिथंही ते तेवढंच लिहायचे. घरी कन्नड, पण लिहायचं म्हटलं की शाळेतली मराठीच. तेलुगू प्रतिक्रियांच्या गर्दीत दर रविवारी तळाशी एक ओळ यायची. सोलापूर: येतो.

परवाच्या रविवारी आम्ही जेवून लवंडलो होतो तेवढ्यात काका आले. चप्पल घालायचं विसरले होते.

“गुरुजी, तिनं वाचलं.”

“काय वाचलं?”

“चटणी झाली. सगळ्यांची नावं वाचायला लागली. कुणी काय विचारलं, त्याला उत्तर. आन् माझ्या ओळीवर थांबली. लई वेळ थांबली. हातातला चमचा खाली ठेवला. मला वाटलं नेट गेलं. मग मराठीत म्हणाली, ‘बरं. या.’”

काका माझ्या जवळ सरकले.

“तुम्ही मराठी शिकवता की. सांगा, ही ‘या’ कुठली? निघताना म्हणतात ती, का बोलवताना म्हणतात ती?”

इतकी वर्षं व्याकरण शिकवतोय, पण असा प्रश्न कुठल्या पेपरात आला नव्हता. चुकीचं उत्तर दिलं असतं तर त्या माणसाचं काय झालं असतं, याचीच मला भीती वाटली. वैशाली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, डोळ्यांना पदर लावून.

“अहो काका, जावा की तिच्याकडं!”

“जावा म्हणू न्हाय, सूनबाई,” काका पटकन म्हणाले. “या म्हण.”

“बरं, या,” ती म्हणाली.

संध्याकाळी समोरून खलबत्त्याचा आवाज येत होता. शेंगदाण्याची चटणी, बारीक होऊ न देता, काका थांबून थांबून कुटत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर ‘येतो’ आलं. सवयीनं सगळ्यांनी ‘या’ लिहिलं, माळी वहिनींनी फूलही टाकलं. मी गॅलरीत येऊन बघितलं तर समोरच्या दाराला कुलूप होतं. आत वैशालीनं चहा ठेवला होता. दोघांचाच ठेवायचा, पण ‘येतो’ वाचून तिनं तिघांचा ठेवला होता.