तपकिरी बाहीचा पुरावा

व्हर्लन हॉटल नावाचा गृहस्थ वेस्ट व्हर्जिनियातल्या एका नेमबाजी संघटनेचा गेली अठरा वर्षं गणवेश-परीक्षक होता. १८६१-६५च्या अमेरिकी यादवी युद्धातल्या बंदुकीने नेम धरायचा तर अंगावर कपडेही त्याच काळातले हवेत, असा तिथला नियम. एका चुकीच्या बटणापायी त्याने सख्ख्या मेव्हण्याला घरी धाडलं होतं.

अंतिम फेरीच्या सकाळी मैदानावर दाट धुकं होतं. एक हडकुळा माणूस त्याच्या टेबलापुढे येऊन उभा राहिला. कोट निळा, पण डावी बाही तपकिरी.

"ही बाही चालणार नाही," व्हर्लन म्हणाला.

"निळं कापड संपलं होतं, साहेब. आमच्या सगळ्या तुकडीला अशीच मिळाली."

"पुरावा?"

"मी सांगतोय ना."

"सांगोवांगी चालत नाही. त्या काळचा कागद आणा."

माणूस धुक्यात गेला आणि पाच मिनिटांत कागद घेऊन परतला. लष्करी कोठाराची यादी होती, सन १८६३ची. 'तपकिरी बाह्या, बारा.' नोंदवही सांभाळणाऱ्या ऑर्फाने, म्हणजे व्हर्लनच्या बायकोने, अक्षरांवरून बोट फिरवलं. बोट काळं झालं.

"व्हर्लन, शाई ओली आहे रे."

"मग कागद बनावट. नामंजूर."

"आणि तो चालत आला त्या गवतावरचं दव बघ," ती कुजबुजली. "जराही मोडलेलं नाही."

"दवाबद्दल नियम नाही."

"साक्षीदार चालतील?" माणसाने विचारलं आणि मागे न बघताच हात वर केला. धुक्यातून अकरा जण आले. पावलांचा आवाज नव्हता. प्रत्येकाची डावी बाही तपकिरी.

व्हर्लनने भिंग काढून एकेक शिवण तपासली. शिवण हाताची होती, कापड विहिरीतल्या दगडासारखं गार. शेवटच्याच्या कोटाला छातीवर भोक होतं, त्यातून पलीकडचं झाड दिसत होतं.

"हे रफू करून घ्या," व्हर्लन सवयीने बोलून गेला.

"वेळच मिळाला नाही, साहेब."

व्हर्लनने मंजुरीची सही केली. पण हडकुळा माणूस हलेना. तो व्हर्लनच्या अंगावरचा कोट न्याहाळत होता.

"हा कुठला म्हणायचा?"

"तुमच्याच पलटणीचा. हुबेहूब."

बाराही जणांनी एकमेकांकडे पाहिलं. "असला कोट आम्ही कुणाच्याच अंगावर पाहिला नाही," तो संकोचून म्हणाला.

समोर बारा साक्षीदार होते. ऑर्फाने वहीत लिहिलं, 'व्हर्लन हॉटल, नामंजूर.'

दुपारी धुकं विरलं. व्हर्लन नुसत्या सदऱ्यात बायकोशेजारी बसून होता. नेमबाजांच्या शेवटच्या पट्टीवर कुणीच दिसत नव्हतं, नेमासाठी लावलेल्या मातीच्या थाळ्या मात्र एकामागून एक फुटत होत्या. ऑर्फा गुण मांडत होती.

"नेम चांगला आहे त्यांचा," ती म्हणाली. "तुझा नवा कोट कधी शिवायला घेऊ?"

व्हर्लनने शेवटच्या पट्टीकडे पाहिलं.

"आधी त्यांच्या कोटांचं माप घे," तो म्हणाला, "आणि कापड कुठलं, तेही विचार."