नऊ झाले, एक कुठं हाय?

आमच्या शेवंता सिस्टरनं एकदा मुखेडची एसटी अर्धा तास अडवून धरली होती. लस घ्यायला एक माणूस कमी पडत होता, तर बाईनं सरळ कंडक्टरची बाही वर केली. टोचून झाल्यावर म्हणाली, "आता अर्धा तास हलायचं न्हाई. चक्कर आली म्हंजे?" कंडक्टर बाकावर, त्याच्याशेजारी ड्रायव्हर, आणि गाडीतली माणसं खिडक्यांतून आमच्या दवाखान्याकडं बघत बसलेली.

मी त्याच आरोग्य केंद्रात औषधं देतो. कोरोनाच्या लसीची एक शिशी फोडली की दहा जणांना पुरायची, पण चार तासांत संपवावी लागायची. उरली तर फेकायची. नियम सगळ्यांनाच होता, सिस्टरला मात्र त्याचं वेड लागलं होतं. नऊ जण झाले की ती ओट्यावर येऊन ओरडायची, "नऊ झाले, एक कुठं हाय?" ते ऐकून गावातले निम्मे बाप्ये उसात शिरायचे. एका नवरदेवाला तिनं हळदीच्या अंगानं गाठलं. वर त्याच्या आईला म्हणाली, "रडू नका मावशी, माझी सुई कळत बी न्हाई."

डॉक्टर सांगून थकले की एखादा डोस वाया गेला तरी चालतो. आम्ही तर जेवताना डब्यातल्या चपात्या मोजून तिची नक्कल करायचो. ती हसायची नाही. मला वाटायचं, बाईला विनोदच कळत नाही.

खरं सांगायचं तर लस आधी आम्हा दवाखान्यातल्या लोकांसाठीच आली होती, आणि आमचीच तंतरली होती. गावाला गोळ्या वाटणारे आम्ही. कुणाला बीपी आठवलं, कुणाला उपास. मी सासुरवाडीला पळालो. सासरे आजारी आहेत म्हणून कळवलं. सासरे तेव्हा अंगणात हरभऱ्याचे घाटे सोलत बसले होते.

गावची आशा सेविका रुक्मिण ही सिस्टरची जिवाची मैत्रीण. कित्येक वर्षं दोघी मिळून घरोघर हिंडल्या. पहिल्या दिवशी रुक्मिणला ताप होता म्हणून तिची लस राहिली, एवढंच आम्हाला ठाऊक. पुढच्या बारीला घेते म्हणता म्हणता उन्हाळा आला आणि ती आजारी पडली. नांदेडला नेली, ती परत आली नाही.

गेल्या महिन्यात सिस्टर रिटायर झाली. चार्ज देताना तिनं त्या पहिल्या दिवसाची यादी माझ्यापुढं ठेवली आणि रुक्मिणच्या नावावर बोट टेकवलं. पुढं सिस्टरच्याच अक्षरात लिहिलं होतं, ताप.

"ताप न्हवता भाऊ तिला. भ्याली होती. नऊ जण झाले होते, दहावी ती. माझा हात धरून म्हणली, शेवंते, आज नको, तू कायतरी लिव. मी लिवलं. लोकाची लेकरं रडली तरी टोचलं, अन् हिला जिवाची म्हणून सोडली." मग म्हणाली, "तो डोस मीच फेकला."

मी म्हणालो, "जुनी यादी आहे सिस्टर, कोण बघतंय आता?"

"मी बघून राहिले न्हवं. खोडा ते. खरं लिवा."

रुक्मिणच्या वरच माझं नाव होतं. पुढं, सासरे आजारी. रुक्मिण गेली त्याच आठवड्यात सिस्टरनं मला औषधांच्या खोलीत गाठून, दार लावून टोचलं होतं. नऊ झाले, एक कुठं हाय, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. बाहेर नऊ माणसं खरंच होती का, ते मी पाहिलं नव्हतं.

मी पेन काढलं. ताप खोडून भीती लिहिलं. मग माझ्या नावापुढचं खोडायला लागलो, तर तिनं माझा हात धरला.

"तुमचं राहू द्या भाऊ," ती म्हणाली. "तुमी हाय नं अजून."