सप्रेकाकांचा जाहीर लिलाव

राज्य तलवारीवर नव्हे, जाहीर सूचनांवर टिकतं, असं सिंगापुरातल्या आमच्या बेडोकच्या सप्रेकाकांचं ठाम मत होतं. त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र त्यांच्या सूचना कोणी वाचत नसे.

काका निवृत्त मरीन इंजिनिअर. जहाज सुटलं तसा वाचनालयाचा नाद लागला. तिथे बसून ते इंग्रज अमलातल्या सरकारी सूचना वाचत : चलनात नोटा किती, त्यांच्यामागे चांदी किती, आणि सरकारला नको झालेल्या कोणकोणत्या वस्तू विकायच्या आहेत. गळक्या होड्या, वापरलेल्या मच्छरदाण्या वगैरे.

तीच भाषा घरात आली. दिवाळीत फ्रिजवर कागद लागला : "सर्वसंबंधितांच्या माहितीसाठी : वरच्या डब्यातले लाडू चलनात आहेत. खालचा डबा राखीव."

"आजोबा, नोबडी रीड्स लाह!" नात लाडू खात म्हणाली. राखीव डब्यातला.

"नोटेमागे चांदी हवी, मुग्धा," काका सुनेला समजावत. "नाहीतर नुसता कागद."

"बाबा, मागे चांदी नको, पुढे जागा हवी. किती सामान हे!"

जागेचा प्रश्न खरा होता. भाडं परवडेना म्हणून मंडळी वुडलँड्सच्या लहान फ्लॅटमध्ये निघाली होती. मुग्धाने नको असलेल्या वस्तू सांगितल्या आणि काकांनी उत्साहाने सूचना काढून लिफ्टशेजारी लावली. बोली बंद पाकिटात. विक्री करणाऱ्या अधिकाऱ्याला बोली लावता येणार नाही. माल उचलण्याची जबाबदारी खरेदीदाराची.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका शेजारी माझ्या दारात.

"सूचनेतलं ते लाल स्टूल. प्लास्टिकचं. ते तू घे. कितीही बोली लाव, पैसे मी देतो."

"पाय तडकलाय त्याचा, काका. आणि तुमचंच आहे. काढून टाका ना यादीतून."

"एकदा जाहीर झालं की सरकारलाही मागे घेता येत नाही." मग म्हणाले, "मी बोटीवर असलो की ही त्यावर उभी राहून खिडकीतून समुद्रातली जहाजं बघायची. माझं कुठलं, ते कळायचं नाही तिला. सगळ्यांनाच हात करायची."

काकू जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मुग्धाला यातलं काही ठाऊक नव्हतं. लिहिण्याच्या भरात काकांनीही "स्टूल, लाल, नग एक, दुरुस्तीपलीकडचे" असं झोकात लिहून टाकलं होतं.

रविवारी इमारतीखाली पाकिटं उघडली. काका टायमध्ये. मिक्सर तिसऱ्या मजल्यावरच्या तमिळ बाईंना गेला, टेबल खालच्या चिनी आंटीला. ही आंटी आदल्या दिवशी स्टूल उलटंपालटं करून बघून गेली होती. तेव्हापासून काका जेवले नव्हते.

स्टुलाची पाळी आली. काकांनी पाकीट फोडलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

"सर्वोच्च बोली," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मान्य." आणि खुर्चीत बसले.

अटीप्रमाणे माल मीच उचलला आणि लिफ्टने वर नेऊन त्यांच्या खिडकीशी ठेवला. उतरताना मुग्धा भेटली. मी एवढी मोठी रक्कम का लावली, हे तिला समजेना. त्या स्टुलावर दुसरी बोली आलीच नव्हती.