मोडलं म्हणायच्या आधी

देवराव मिस्त्रींच्या दुकानी जाऊन तुम्ही "मिस्त्री, गाडी बिघडली" असं म्हणालात, तर ते हातातला पाना खाली ठेवतात आणि बाकड्याकडे बोट दाखवतात. "बसा. बिघडली म्हनजे नेमकं काय झाली, थे ठरू द्या पयले."

राळेगावात बसस्टँडच्या मागे, कडुनिंबाखाली त्यांचं दुकान आहे. दुकानामागेच घर. सायकली, मोटारसायकली, फवारणीचे पंप, जे येईल ते इथे दुरुस्त होतं, फक्त शब्द ठरल्याशिवाय होत नाही. झाडाच्या खोडाला सुतळीनं एक दोनशेपानी वही टांगलेली असते. तीत तीन रकाने: गाडी, तक्रार आणि मिस्त्रीचा शेरा. तक्रार गिऱ्हाइकानं स्वतःच्या हातानं लिहायची. त्याआधी मिस्त्री तीन प्रश्न विचारणार. आवाज येते का? चढावर येते का उतारावर? कवापासून येते?

मग ते शब्द सुचवतात. नट सैल असेल तर गाडी ढिली झाली. पायडल धड असून जागचं सुटलं तर निखळलं. सीट उसवते, वायर तुटते, ट्यूब फुटते, बेअरिंग झिजते. सगळीकडून थोडं थोडं हलायला लागलं की गाडी खिळखिळी. "त्याच्यात कोनाचा दोष नसते, रस्त्याचा असते." आणि मोडली हा शब्द सगळ्यात शेवटी. "पाना लावून पायल्याबिगर कोनतीच वस्तू मोडली म्हनाची नाई. मोडली म्हटलं का मानूस भंगारवाल्याकडं पाहाले लागते."

गिऱ्हाईक हट्टालाच पेटलं तर मात्र मिस्त्री माघार घेतात. "लिवा तुमचंच. गाडी तुमी चालवता, मी नाई." हा नियम त्यांनी स्वतःच केलेला आहे आणि तो पाळताना त्यांना फार त्रास होतो.

मी इथल्या शाळेत मराठी शिकवतो. एकदा माझ्या स्कूटरच्या डिक्कीत त्यांना नववीच्या समानार्थी शब्दांचा कागद सापडला. मोडणे : तुटणे, फुटणे, निखळणे, उसवणे. त्यांनी तो दोनदा वाचला, घडी घालून परत दिला आणि विचारलं, "सर, हे सारे एकच असन तं इतके ठेवले कायले?" मी बी.एड. आहे. उत्तर अजून शोधतो आहे.

तालुक्यातले एक नेते एका सत्काराला निघाले असताना त्यांची पांढरीशुभ्र गाडी याच झाडाखाली थांबली. नेते म्हणाले, "वाहनात किंचित तांत्रिक अडचण उद्भवलेली आहे." मिस्त्री म्हणाले, "उद्भवू द्या. आवाज कसा येते?" ड्रायव्हर सांगायला पुढे झाला, तर मिस्त्रींनी त्याला अडवलं, अडचण ज्याची उद्भवली त्यानंच सांगायचं. कार्यकर्त्यांच्या देखत नेत्यांनी घसा साफ करून "खर्र, खट" असा आवाज काढला. मिस्त्रींनी मान डोलावली आणि आता उतारावरचा काढा म्हणाले. नेत्यांनी तोही काढला. मी त्यांची बरीच भाषणं ऐकली आहेत. इतकं नेमकं ते कधी बोलले नव्हते.

एरवी मिस्त्रींना सांगायचीही गरज नसते. वळणावरून येणारी गाडी ते न बघता ओळखतात. "चेन ढिली हाय याची," म्हणतात, आणि असते. असा कान मी दुसरा पाहिला नाही.

त्यांची एकुलती मुलगी सुषमा ढाणकीला दिलेली. बायको आधीच गेलेली, त्यामुळे दर रविवारी येणारा सुषमाचा फोन हाच मिस्त्रींचा सण. फोन स्पीकरवर ठेवून ते चाकं सरळ करत बसत. "बरं हाय बाबा, सगळं बरं हाय." हे सहा वर्षं आम्ही सगळ्यांनीच ऐकलं.

मागच्या उन्हाळ्यात ती दोन बॅगा आणि शिलाई मशीन घेऊन आली, ती परत गेली नाही. सुषमाचा संसार मोडला, असं गल्लीनं दोन दिवसांत जाहीर केलं. मिस्त्री भडकले. पाना लावून पाहिला का तुम्ही, असं ज्याला त्याला विचारत सुटले. पहिल्या महिन्यात त्यांनी मला संसार ढिला झाला आहे असं सांगितलं. दोनदा ढाणकीला जाऊन आल्यावर तो निखळला होता. दिवाळीच्या सुमारास खिळखिळा झाला. पण मोडला हा शब्द त्यांनी कुणाला उच्चारू दिला नाही.

शेवटी ढाणकीचे लोक तिला न्यायला आले. पुढे जावयाचे काका, उन्हातही खांद्यावर शाल. मिस्त्रींनी मला मुद्दाम बोलावलं होतं. काका म्हणाले, "किरकोळ गैरसमज आहे. पोरीला बॅग भरायला सांगा." मिस्त्री मला हळूच म्हणाले, "उसवला हाय सर. टाका घालता येते." त्यांनी सुषमाला बाहेर बोलावलं आणि बाकड्यावर बसवलं. काय बोलावं हे सुचेना, तेव्हा त्यांनी जे येत होतं तेच विचारलं.

"आवाज येते का?"

"यायचा. आता मीच बोलत नाई, म्हनून येत नाई."

"चढावर यायचा का उतारावर?"

"सपाटीवर बी, बाबा."

मिस्त्रींनी तिसरा प्रश्न विचारला. "कवापासून?"

"पयल्या दिवाळीपासून." मग तीच म्हणाली, "उसवला नाई. मोडला."

काका समाजाविषयी काही बोलू लागले. मिस्त्री उठले, झाडाच्या खोडावरून वही सोडली आणि पेनासकट तिच्या मांडीवर ठेवली. "लिव. गाडी तू चालवली."

मग काकांकडे वळून म्हणाले, "चहा घ्या अन् पाचच्या बसनं निघा."

आठवड्याभरानं मी स्कूटर घेऊन गेलो. तक्रार लिहायला वही उघडली, तर आधीचं पान समोर आलं. गाडीचा रकाना कोरा होता. तक्रारीत सुषमाच्या अक्षरात एकच शब्द होता. शेऱ्याच्या रकान्यात एरवी 'झाली' एवढंच असतं. इथे दोन ओळी होत्या:

'आवाज दर रविवारी फोनवर येत होता. मिस्त्रीला ओळखता आला नाही.'

मी पान उलटलं. चढावर स्कूटर कशी गुरगुरते ते सांगायला तोंड उघडलं, तर मिस्त्रींनी हात वर करून मला थांबवलं. आत सुषमाची शिलाई मशीन सुरू झाली होती. पाना खाली ठेवून ते ऐकत होते.