येसरात मीठ किती वेळा

"पिठात बी मीठ, पुन्हा आमटीत बी मीठ. मानसं खातेत का जनावरं?"

भिंतीपलीकडं साखराबाई पुटपुटत होत्या. रेणापुरात आमच्या दोन स्वयंपाकघरांमधली भिंत एकेरी विटेची आहे. फोडणी त्यांच्याकडं पडली की ठसका मला लागतो.

हे वाक्य भिंतीपुरतं राहिलं असतं तर प्रकरण वाढलं नसतं. पण रविवारी साखराबाईंच्या लेकीला बघायला पाहुणे येणार होते आणि बेत येसराच्या आमटीचा ठरला होता. येसर म्हणजे धान्य-मसाला भाजून दळलेलं पीठ. त्याची आमटी आमच्याकडं कार्यात मानाची, आणि बिघडली तर वर्षभर चर्चेची. साखराबाईंनी ती लातूरच्या 'अंबिकाची चूल' या चॅनलवर बघून आधी घरच्यांसाठी केली. खारट झाली. म्हणून त्यांनी व्हिडिओखाली विचारलं, "ताई, मीठ एकदा घालायचं का दोनदा? आमची खारट झाली."

त्या चॅनलच्या चाहत्यांचा 'चूल परिवार' आहे आणि मी त्याची सचिव. नोंद घेणं माझं कर्तव्य होतं.

पहिल्या तासात एकशेचाळीस उत्तरं आली. मीठ किती वेळा, हे एकातही नव्हतं. "आधी स्वतःचा चॅनल काढा." "कुणी पाठवलं तुम्हाला?" नायगावच्या ग्यानोबारावांनी लिहिलं, "ताईंच्या हातचं खारटसुद्धा गोड लागतं." त्याला सगळ्यात जास्त बदाम पडले.

टीका रीतसर यावी म्हणून परिवारानं अर्जाचा नमुना मंजूर केला. तो मीच तयार केला होता. चॅनल किती वर्षांपासून बघता, घंटी दाबली आहे काय, जीभ तपासल्याचा दाखला, सासूची सही. 'टीका विधायक आहे काय?' या रकान्यात साखराबाईंनी लिहिलं, "खारट आहे." अर्ज अपूर्ण म्हणून परत केला. भिंतीवरूनच दिला.

गुरुवारी अंबिकाताईंचा नवा व्हिडिओ आला. त्यात स्वयंपाक नव्हता. मिठाची बरणी मांडीवर घेऊन त्या बावीस मिनिटं रडल्या. मध्ये पापडाची जाहिरात. शुक्रवारी परिवारानं 'मीही खारट' दिन पाळला. सगळ्यांनी मिठाच्या पुडीसोबत फोटो टाकले. माझा जरा बरा आला होता. शनिवारी सकाळी जहाल शाखेनं मीठ तीनदा घालण्याचा ठराव आणला. रक्तदाबवाले तटस्थ राहिले.

दुपारी साखराबाई माझ्या दारात उभ्या. "शिवकन्या, उद्या पाव्हणे हायेत माय. चल लातूरला. तोंडानंच इचारू."

लातुरात ताईंच्या घरी परिवाराची पाठिंबा सभा भरली होती. साखराबाईंना बघून ग्यानोबाराव निषेधाला उठले. ताईंनी त्यांना हातानंच बसवलं.

"मावशी, खरंच खारट झाली?"

"लेकरा, तू केली तश्शीच केली. म्हनून तर झाली."

ताईंनी पदराचं टोक पिळलं. मग म्हणाल्या, "शूटिंग हेच करतेत. यांचं दुकान सोमवारी बंद असतं, म्हणून सोमवारीच करून दुपारी व्हिडिओ टाकतो. आन् सोमवारी माझा महादेवाचा उपास. तीन वर्षं झाली मावशी, मी त्यातलं काहीच चाखलेलं न्हाई."

"मग त्ये जातंय कुठं?"

"गल्लीतल्या गाईला घालतो," त्यांचे यजमान राजशेखर म्हणाले. "आताशा ती दुसऱ्या गल्लीतून जाती."

ताई साखराबाईंकडं वळल्या. "माझी आई पिठातच घालायची. आमटीत न्हाई. तुम्ही एकदाच घाला."

"बास. एवढंच पायजे होतं मला," म्हणत साखराबाई पिशवी घेऊन उठल्या.

पण ताईंचं झालं नव्हतं. त्यांनी आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली. "दर मंगळवारी तुम्ही लिहिता, 'कालच केली, घरात सगळ्यांना आवडली.' तीन वर्षांत एकालाही खारट लागली न्हाई?"

ग्यानोबारावांनी मोबाइल काढला. त्यांचं बघून बाकीच्यांनीही काढला. माझा पिशवीत खाली गेला होता, म्हणून बोलायची पाळी माझ्यावर आली.

"ताई," मी म्हणाले, "करून कुणीच बघत न्हाई. आम्हाला नुसतं आवडतं."