बिनजटांचे कर्णिककाका

आमच्या मिसिसागाच्या कॉन्डोच्या इमारतीत एक रास्ताफारियन, म्हणजे जमैकाच्या जटाधारी पंथातले, राहायचे. डोक्यावर एक केस नाही.

कर्णिककाका मूळचे नागपूरचे, इथून तासाभरावरच्या केंब्रिज गावातल्या कारखान्यातून रिटायर झालेले. जटा वाढवायची हौस दांडगी, पण टक्कल चकचकीत. शेवटी काकूंनी लाल-पिवळ्या-हिरव्या लोकरीची टोपी विणली आणि तिलाच मागे नऊ जटा जोडून दिल्या. टोपी धुतली, की काकांचा धर्म दिवसभर बाल्कनीत वाळत असायचा.

"ते तसलं, गांजाबिंजा, ओढतात का हो?" लोक मला हळूच विचारत. अहो, त्यांना उदबत्तीनंसुद्धा ठसका लागायचा!

गरिबाला दाबणाऱ्या व्यवस्थेला रास्ता लोक 'बॅबिलॉन' म्हणतात. काकांनी तो शब्द घाऊक वापरायला काढला. लिफ्ट बंद? बॅबिलॉन. बस चुकली? बॅबिलॉन. काकूंनी तिसरा लाडू द्यायचं नाकारलं, की मात्र "बॅ..." एवढ्यावरच थांबत.

"ते लोक 'आय अँड आय' म्हणतात. मी आणि तू वेगळे नाहीच. आपल्या मराठीत 'आपण' आहे ना, तेच!" असं समजावून ते म्हणत, "चल, आपण रीसायकलिंग खाली नेऊ." पिशव्या मी उचलायचो.

एका हिवाळ्यात काकांना कळलं, की आमच्याकडे सफाई करणारी जमैकाची मार्सिया गार्बेज रूममध्ये उभ्यानं डबा खाते. पार्टी रूम रिकामी असे, पण ती फक्त रहिवाशांसाठी. काका कॉन्डोच्या मीटिंगला टोपी घालून, गळ्यात ढोलकी अडकवून हजर.

"मिस्टर कर्णिक, धिस इज नॉट ऑन द अजेंडा," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"जस्टिस इज नेव्हर ऑन द अजेंडा, मॅडम!" म्हणत काकांनी रेगे, रास्तांचं ते जमैकाचं संगीत, सुरू केलं. दोन मिनिटांत ठेका भजनाच्या वळणावर गेला. मागच्या रांगेतले पंजाबी अंकल टाळ्या वाजवायला लागले. ढोलकी थांबावी म्हणूनच बहुधा, बाईंनी घाईघाईनं मत घेतलं. मार्सियाला पार्टी रूम मिळाली.

दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "टेल युअर अंकल थँक यू. बट आय गो टू चर्च, यू नो. आय डोन्ट इव्हन लाइक रेगे."

मी निरोप दिला. काका पोट धरून हसले. मग टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मी कारखान्यात नवा होतो ना, तेव्हा माझ्या डब्याच्या वासानं सगळे उठून लांब बसायचे. डेस्मंड आपली खुर्ची घेऊन माझ्याकडे आला. जमैकाचा, पक्का रास्ता. रेगेच्या कॅसेटी त्यानंच दिल्या मला. पुढे मॅनेजरनं त्याला जटा काप म्हणून सांगितलं. तो नाही म्हणाला. त्याच्यासाठी अर्ज फिरत होता, माझ्या टेबलापर्यंत आला..." काका टोपीची एक जटा बोटाला गुंडाळायला लागले. "मी सही नाही केली रे. घाबरलो. त्याला काढलं."

"आता कुठे असतात ते?"

"एडमंटनला गेला म्हणतात. तिथल्या फोनबुकात त्या नावाचे चौघं आहेत. दर वर्षी चौघांना फोन करून पाहतो."

"मग?"

"चौघांपैकी कुणीच तो नाही. पण आता ओळख झालीय. एकाला फोन करायला उशीर झाला, तर तोच करतो. विचारतो, सापडला का तुमचा डेस्मंड?"