उंबरावरची गरगर

एका जंगलात एक उंच उंबर होता, बाळांनो. त्यावर वानरांचं एक घरंदाज कुटुंब राहायचं. घरंदाज म्हणजे काय, तर रोज सकाळी सगळी मोठी मंडळी फांदीवर पाय पसरून बसायची आणि सुना वाकून नमस्कार करायच्या. पायांच्या एकूण सतरा जोड्या.

कुसुंबी ही नवी सून. एके सकाळी ती तिसऱ्या जोडीपाशी वाकली आणि अख्खा उंबर तिच्याभोवती गरगर फिरला. तिचा तोल गेला. खाली दगडच दगड. सासूबाईंनी शेपटी धरली म्हणून वाचली.

"अगंबाई, गोड बातमी!" सासूबाई म्हणाल्या.

"कसली गोड? नाटकं नुसती," आजेसासू म्हणाल्या. "आम्ही पुरात वाहून जातानाही नमस्कार केलेत."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. या वेळी शेपटी निसटता निसटता राहिली. मग मात्र घुबडवैद्यांना बोलावणं गेलं.

"वाकलं की गरगरतं? कूस बदलली की पण? आणि मिनिटभरात थांबतं?"

"हो."

"कानाच्या आत चुन्याचे बारीक खडे असतात, पोरी. ते जागा सोडून नळीत घरंगळले, की मान हलली तरी वाटतं, जगच फिरतंय."

"कानात खडे!" आजेसासू म्हणाल्या. "तरीच आमचं काही ऐकू येत नाही हिला."

"ऐकण्याचा संबंध नाही, आजी."

वैद्यांनी कुसुंबीला आडवं केलं. डोकं फांदीखाली लोंबतं ठेवून मान उजवीकडे वळवली, मग डावीकडे. मग तिला कुशीवर वळवलं आणि सावकाश उठवून बसवलं. उंबर थांबला.

"आता बरं वाटतंय?"

कुसुंबीने समोर पाहिलं. सतरा जोड्या पुढे सरसावल्या होत्या.

"तसं बरं आहे," ती हळूच म्हणाली. "फक्त वाकलं की..."

वैद्यांनी आपली मान पार मागे फिरवली, ते पाय पाहिले, मान पुन्हा पुढे आणली.

"वाकणं बंद," ते म्हणाले. "कायमचं."

दुसऱ्या सकाळी सासूबाई आजेसासूंच्या पायांशी वाकल्या आणि अर्ध्यावरच थांबल्या. तीस वर्षांत पहिल्यांदाच. त्यांनी कपाळाला हात लावला.

"मलापण गरगरतंय हो."

मग थोरल्या जाऊबाईंना गरगरलं. आठवड्याभरात उंबरावरच्या एकूण एक सुनेला. शेवटी आजेसासूंनी पाय आवरून मांडी घातली, आणि सुनांना फांदीवर बसायला जागा झाली.

तात्पर्य: कानातल्या खड्यांची साथ कधी येत नसते, बाळांनो. पण एखाद्या घरात आलीच, तर वैद्यांना पुन्हा बोलावू नये.